फरशीकडं तोंड करून

सातवीच्या वर्गात फळ्यावर समीकरण लिहून मी वळले, तर दाराजवळची रांग मोकळी दिसली. तिथं रोज चार-पाच मुली बसतात. मी विचारलं, "या रांगेतल्या सगळ्या आज गैरहजर कशा काय?"

वर्गात कुणी हसलं नाही. त्या मोकळ्या जागेतूनच एकीचा आवाज आला, "बाई, आम्ही इथंच आहोत."

मान वळवली तेव्हा त्या दिसल्या. वह्या उघडून बसलेल्या, माझ्याकडं बघत. मान सरळ केली की पुन्हा नाहीशा. मी खुर्चीवर बसले, डावा डोळा हातानं झाकला. उजव्या डोळ्यापुढं कडेकडून एक करडा पडदा निम्म्यापर्यंत ओढलेला होता.

तसं हे एका दिवसात झालं नव्हतं. माझी शाळा बिडकीनच्या पुढं, एका खेड्यात. शहरातल्या मुकुंदवाडीहून मी स्कूटीवर जाते. मागच्या काही दिवसांत गाडी चालवताना उजव्या कडेला वीज चमकल्यासारखं व्हायचं. वाटायचं, मागून येणाऱ्या ट्रकचा दिवा आरशात पडत असेल. मग डोळ्यापुढं काळे ठिपके तरंगायला लागले, कोळ्याच्या जाळ्यासारखे. नंबर वाढला असेल म्हणून चौकातल्या चष्म्याच्या दुकानात गेले. लहानपणापासून मला मोठा मायनस नंबर आहे, जाड भिंगांची मला सवय आहे. दुकानदारानं नंबर काढला आणि म्हणाला, "मॅडम, नंबर आहे तोच आहे." मी निश्चिंत होऊन घरी आले.

शाळेतून त्या दिवशी एका सहकारी शिक्षकानं मला गाडीवर शहरात आणलं. डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा वयानं लहान होत्या. त्यांनी कपाळावर दिवा बांधला, हातात भिंग धरलं आणि बराच वेळ माझा डोळा वर, खाली, कडेला फिरवायला लावला. मग दिवा काढून समोर बसल्या.

"डोळ्याचा आतला पडदा सुटलाय. उद्या ऑपरेशन करायला लागेल. मधल्या भागापर्यंत अजून पोचलेलं नाही, म्हणून घाई."

मी म्हणाले, "पण मी तर आत्ताच डोळे तपासून घेतले होते."

"कुठं?"

मी दुकानाचं सांगितलं.

"तो नंबर काढला," त्या म्हणाल्या. "डोळा तपासणं वेगळं. एवढा मायनस नंबर म्हणजे डोळा लांबट, आतला पडदा ताणलेला आणि पातळ. अशा डोळ्याला वर्षातून एकदा थेंब घालून पडदा बघून घ्यायचा असतो. कुठं विरलेला दिसला तर लेसरनं तिथंच शिवून टाकल्यासारखं करता येतं. आणि विजा चमकल्या, ठिपके एकदम वाढले, की दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही."

चाळीस वर्षं चष्मा वापरून हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं.

ऑपरेशन डोळ्याच्या भोवती इंजेक्शन देऊन करतात, माणूस जागाच असतो. तोंडावर हिरवं कापड टाकलं. त्या कापडाखाली माझ्याच श्वासाची वाफ साचत होती. नाकाजवळ नळीतून गार हवा येत होती, तरी पुरेशी वाटत नव्हती. हलायचं नाही, खोकायचं नाही, खोकला आलाच तर आधी सांगायचं. दुखत काही नव्हतं. पण कुणीतरी माझ्या डोळ्याच्या आत काम करतंय आणि मला तिथून उठून जाता येत नाही, ही जाणीव पायाच्या बोटापर्यंत उतरली होती. मी मनात पाढे म्हणायला सुरुवात केली. एकोणतीसच्या पाढ्यात अडकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, पुन्हा तिथंच अडकले.

खरी शिक्षा त्यानंतरची होती. सुटलेला पडदा जागेवर दाबून धरायला डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला होता. बुडबुडा वर चढतो. माझा पडदा मागच्या बाजूला, म्हणजे बुडबुड्यानं मागं जायचं तर माझं तोंड जमिनीकडं हवं. बसताना, जेवताना, झोपताना, चालताना सुद्धा. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "आठवडा, दीड आठवडा. ऑपरेशन आम्ही केलं, आता निम्मं काम तुमच्या मानेचं."

घरी आले ती रिक्षात गुडघ्यावर डोकं ठेवूनच. यजमानांनी स्कूटरची एक जुनी ट्यूब हवा भरून, वर माझी मऊ साडी गुंडाळून कडं तयार केलं. टेबलावर ते कडं ठेवायचं, त्यात कपाळ आणि गाल टेकायचे, नाक मधल्या भोकात. झोपताना तेच कडं गादीच्या टोकाला. चष्मा खाली पडायचा, म्हणून लेकीनं त्याला मागून इलॅस्टिकची नाडी बांधून दिली. ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. डाव्या डोळ्यानं मला दिसायची ती फरशी, करडी मोझॅक, आणि टेबलाचे पाय. उजव्या डोळ्यात नुसतं गढूळ पाणी हलायचं.

पहिल्या दिवशी मान दुखली, दुसऱ्या दिवशी पाठ, मग कुठलं अंग दुखत नाही ते सांगणं सोपं होतं. पण दुखण्यापेक्षा वाईट होतं ते अडकणं. रेल्वे स्टेशनाकडून गाडीचा भोंगा यायचा, शेजारी कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, लेक फोनवर मैत्रिणीशी बोलायची, आणि हे सगळं माझ्या डोक्यावरून जायचं. कुणी खोलीत आलं की मी आपोआप मान वर करायला जायचे आणि निम्म्यात थांबायचे. माणसाच्या तोंडाकडं न बघता बोलणं किती लाचार करतं, हे मला तेव्हा कळलं. भेटायला येणारे आधी माझ्या टाळूशी बोलायचे आणि थोड्या वेळानं यजमानांशी, जणू मी खोलीत नाहीच. एकदा मी त्या कड्यात तोंड खुपसून रडले. मग आठवलं, रडणं डोळ्याला चालतं का हे विचारायचं राहिलंय. घाबरून रडणंही थांबवलं.

यजमान कंपनीत शिफ्टला जातात, लेकीचं कॉलेज. म्हणून कन्नड तालुक्यातल्या गावाहून सासूबाई आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते, आमच्याकडं तीच पद्धत. त्या थोरल्या दिरांकडं राहतात, रोज शेतात चक्कर मारतात, आठवडी बाजाराला जातात. एसटीतून उतरून आल्या, पिशवीतनं येसराचा मसाला आणि ज्वारीचं पीठ काढून ठेवलं आणि माझ्या डोक्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "पुस्तकं वाचून वाचून डोळ्याची वाट लावलीस माय. माझ्याकडं बघ, अजून सुईत दोरा ओवते, चष्मा नाय न काय नाय."

माझं आणि त्यांचं कधी भांडण नव्हतं, पण जवळीकही नव्हती. आता आम्ही दोघी दिवसभर एका घरात, आणि मी पळून जाऊ शकत नव्हते. त्या बोलायच्या. भावकीतलं, शेजाऱ्यातलं, कुणाच्या सुनेनं काय केलं. मी हूं म्हणायचे. त्यांनी गावाहून बाटलीत गुलाबपाणी आणलं होतं, ते डोळ्यात घाल म्हणून मागं लागल्या. "आत्याबाई, दवाखान्याच्या थेंबांशिवाय डोळ्यात काही जायचं नाही," मी जरा जोरात म्हणाले. दुपारपर्यंत त्या बोलल्या नाहीत. त्या शांततेत मला पहिल्यांदा त्यांचे पाय दिसले.

म्हणजे दिसत रोजच होते. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, दिसायचे ते घोट्यापासून खालचे पाय, जोडवी, लुगड्याचा काठ. पण त्या दिवशी मी नीट बघितले. डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट सुजलेलं, नख काळं पडलेलं. नडगीवर जुन्या-नव्या खरचटण्याच्या खुणा. उजव्या पायाला काहीच नाही. स्वयंपाकघरातून येताना उंबऱ्याशी त्यांचं पाऊल थांबायचं, बोटांनी चाचपून बघायचं, मग पुढं यायचं. स्टूल डाव्या हाताला असलं की त्याला पाय लागायचा. उजव्या हाताला असलं की त्या सहज वळसा घालायच्या.

वरून बघणाऱ्याला यातलं काही दिसलं नसतं. त्या ताठ चालतात, बोलताना नजरेला नजर देतात. लेक म्हणायची, "आजी चहाचा कप नेमका कशाला तरी धडकवते, लक्षच नसतं तिचं." यजमान म्हणायचे, वय झालं.

मी दोनदा पाण्याचा पेला मुद्दाम टेबलावर त्यांच्या डाव्या हाताला सरकवून ठेवला. दोन्ही वेळा तो सांडला. दुसऱ्या वेळी त्या चिडल्या, "कोण ठेवतं गं हे मधीच?"

"आत्याबाई," मी खालूनच म्हणाले, "माझ्यासमोर बसा जरा. खाली बसा, म्हणजे मला दिसाल."

त्या फरशीवर मांडी घालून बसल्या. मी खुर्चीवरून उतरून, हात टेकून ओणवी झाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्यांचा चेहरा दिसला, तिरपा, खालून.

"उजवा डोळा हातानं झाका."

"कशापायी?"

"झाका तर."

त्यांनी झाकला. मी हाताच्या अंतरावर होते.

"दिसते का मी?"

"नाय," त्या म्हणाल्या. "अंधार नाय गं. धुकं हाय. तुझा आवाज येतोय, तू नाय."

हे सांगताना त्यांना आश्चर्य वाटलेलं नव्हतं. ते माझ्या लक्षात आलं आणि मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी हात खाली घेतला. "दोन वर्षं झाली असतील. बांधावरून पडले तव्हा कळलं. एक डोळा झाकून बघितला."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगून काय? घरात बसवलं असतं मला. शेतात जाऊ नको, बाजारात जाऊ नको, चुलीजवळ जाऊ नको. तुला बघतेय ना चार दिवस. असं बसायचं का म्या जलमभर?" मग हळू म्हणाल्या, "माझ्या पोराला सांगू नकोस."

मी काही कबूल केलं नाही आणि नाकारलंही नाही. कड्यात तोंड घालून बसून राहिले. संध्याकाळी यजमान घरी आले, त्यांचे बूट दारात दिसले, मोजे काढणारा हात दिसला. आत्याबाईंचे पाय स्वयंपाकघराच्या दारात थांबलेले होते. मी बोलले नाही. पण माझं तपासणीला जायचं दुसऱ्या दिवशीच होतं, आणि मी एवढंच म्हणाले, "उद्या सोबतीला आत्याबाई येतील माझ्या. लेकही असू दे."

आम्ही तिघी रिक्षातून निघालो. मी गुडघ्यावर डोकं टेकलेली, लेक मधे, आत्याबाई कडेला. आपलीही तपासणी होणार हे त्यांना कळलं होतं. वाटेत एकदाच म्हणाल्या, "फसवलंस मला."

"सोबतीलाच आणलंय," मी म्हणाले.

माझा पडदा चिकटतोय असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा मला किती हलकं वाटलं ते शब्दांत येणार नाही. मग मी आत्याबाईंचं सांगितलं. त्यांनी आत्याबाईंना आत घेतलं. डोळ्यातला दाब मोजला, मागची नस बघितली, मग एका अंधाऱ्या खोलीत यंत्रापुढं बसवलं. मोठ्या पांढऱ्या परातीसारखं ते यंत्र असतं. त्यात हनुवटी ठेवायची, मधल्या ठिपक्याकडं बघत राहायचं, कडेला कुठं बारीक दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं. मी बाहेर बाकावर ओणवी होते. आतून आत्याबाईंचा आवाज ऐकू आला.

"पोरी, तुमचं मशीन बिघडलंय. दिवं लागतच नायत."

तपासणाऱ्या मुलीनं मऊ आवाजात सांगितलं, "लागताहेत आजी. तुम्ही मधे बघत राहा."

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून मागची नस हळूहळू सुकते. दुखत नाही, लाल होत नाही, कडेपासून नजर जाते आणि मधली शेवटपर्यंत राहते. म्हणून माणसाला कळत नाही आणि घरच्यांनाही. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याचीही डावी कड गेलेली. सुईत दोरा ओवता येतो कारण मधलं शाबूत आहे, आणि थोडा मायनस नंबर आहे म्हणून जवळचं बिनचष्म्याचं दिसतं.

"मोतीबिंदूवाणी काढून टाका की," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या जावेचा काढला. लख्ख दिसतंय तिला."

"मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं आजी, ते बदलता येतं. यात नस जाते. गेलेलं परत आणता येत नाही. राहिलंय ते राखायचं, रोज थेंब घालून, आयुष्यभर."

"दोन वर्षांमागं आले असते तर?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जास्त राहिलं असतं."

मला फक्त आत्याबाईंचा हात दिसत होता, मांडीवर, लुगड्याचा काठ चिमटीत धरलेला. लेकीनं त्यावर आपला हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.

यजमानांना त्याच दिवशी सांगावं लागलं, कारण डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की हे रक्तातून येतं, मुलांनी तपासून घ्यायला हवं. ते आधी आईवर चिडले, मग माझ्यावर, मग गप्प झाले. स्वतःच्या तपासणीला मात्र टाळाटाळ. "मला काय होतंय? सगळं दिसतंय."

"त्यांनाही सगळं दिसत होतं," मी म्हणाले.

ते शेवटी तपासणीला गेले. त्यांचा दाब काठावर निघाला, नस अजून ठीक. दर सहा महिन्यांनी दाखवायचं आहे. थोरले दीर अजून गेलेले नाहीत. लेकीलाही मायनस नंबर आहे. तिचा पडदा थेंब घालून बघून घेतला, कुठं विरलेला नाही. वर्षानं पुन्हा.

माझी मान सुटली तेव्हा मला वाटलं होतं की मी बाहेर पळत जाईन. प्रत्यक्षात मान वर केली तर चक्कर आली आणि मी भिंतीला धरून उभी राहिले. गॅसचा बुडबुडा हळूहळू लहान झाला. आधी डोळ्यात पाण्याची रेघ हलायची, मग खाली एक काळा मणी उरला, मग तोही एका सकाळी नाहीसा झाला. नजर आली, पण आहे तशी नाही. त्या डोळ्यानं बघितलं तर फळ्यावरची सरळ रेषा मधे किंचित लवते. भूमितीच्या तासाला मी पट्टीवर जास्त विश्वास ठेवते. या ऑपरेशननंतर त्या डोळ्यात मोतीबिंदू लवकर होतो, तो व्हायला लागलाय. त्याचं ऑपरेशन तेवढं एक राहिलंय.

आत्याबाई आमच्याकडं महिनाभर राहिल्या. त्यांना जे नको होतं तेच झालं होतं. रस्ता ओलांडायला लेक, जिन्यावर यजमान, गच्चीवर मी. "एकटी जाऊ नका" हे वाक्य दिवसातून कितीदा त्यांच्या कानावर पडायचं. त्या खिडकीशी बसून राहायच्या. मला बरं वाटायला लागलं होतं, मी उठून हिंडत होते, आणि आता त्या बसलेल्या. माझ्याशी त्या लागेल तेवढंच बोलायच्या. थेंब घालताना डोळा उघडून धरायच्या, थेंब पडला की माझा हात बाजूला करायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "तू सांगितलं नसतंस तर म्या अजून दोन वर्षं माझ्या मर्जीनं हिंडले असते."

"आणि मग?"

"मग बघितलं असतं काय ते."

त्यांचं सगळंच चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

शेवटी त्या गावी गेल्या. जाऊबाई सकाळ-संध्याकाळ थेंब घालतात. आत्याबाई शेतात जातात, पण बांधावरून नाही, गाडीवाटेनं. दोन-तीन महिन्यांनी दाब मोजायला इकडं येतात. मागच्या खेपेला माझीही तपासणी होती. दोघींच्या डोळ्यांत थेंब घातले होते. बाहेर आलो तर दुपारचं ऊन असं की दोघींनाही डोळे उघडवेनात. दवाखान्याच्या पायरीवर आम्ही पदर पुढं ओढून उभ्या राहिलो. रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

"कुठं जायचं?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"मुकुंदवाडी," मी म्हणाले.

"बस स्टँड," आत्याबाई म्हणाल्या. "मला कन्नडची गाडी धरायचीय."

"आत्ता नाही. थेंब उतरू द्या. संध्याकाळी लेक सोडेल तुम्हाला."

त्यांनी चाचपत रिक्षाची दांडी धरली, आत चढल्या आणि पलीकडं सरकून मला जागा केली.